दोन तासांची खुर्ची

चिरंजिवांचा तबल्याचा क्लास दादरला, शनिवारी चार ते सहा. आम्ही राहतो भांडुपला. त्याला सोडून घरी जावं तर कुलूप उघडेपर्यंत परत निघायची वेळ होते. गुरुजींचं घर दोन खोल्यांचं. पालकांनी बसू नये असं ते कधी म्हणाले नाहीत, पण बसणार कुठे? पहिले दोन शनिवार चपलांच्या पॅसेजमध्ये उभी राहून धा धिं धिं धा ऐकलं. मे महिना शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर निघाला. जून लागला आणि कट्टा गेला.

दादरमध्ये खायच्या जागांना तोटा नाही. पण पियूष मागवून दोन तास बसून दाखवा. तुमच्या खुर्चीमागे चौघांचं कुटुंब येऊन उभं राहतं आणि सगळे मिळून तुमच्या ग्लासातल्या शेवटच्या घोटाकडे बघतात. मला हवी होती फक्त एक खुर्ची, डोक्यावर छप्पर आणि 'अजून काही?' न विचारणारा माणूस.

ते दुकान सापडलं पावसाच्या सरीमुळे. रानडे रोडच्या गर्दीतून बाहेर पडले, एका गल्लीत शिरले, आडोसा शोधत होते. जुन्या इमारतीचा तळमजला, तीन पायऱ्या. पूर्वी तिथे लॉन्ड्री होती, हे भिंतीवरच्या पुसट अक्षरांवरून अजून कळतं. आत सहा खुर्च्या, खिडकीला लागून एक फळी आणि तिच्यापुढे दोन उंच स्टुलं. दाराशी ओल्या छत्र्यांसाठी पत्र्याची बादली. बादली बघून बरं वाटलं. दाराशी बादली ठेवणारं माणूस घरातलं काहीतरी जाणतं, असा माझा समज आहे.

काउंटरमागचा मुलगा म्हणाला, "हाय मॅम, क्या लेंगे?" मी फळ्याकडे बघितलं. एस्प्रेसो, कोर्टाडो, फ्लॅट व्हाइट, पोअर ओव्हर, कोल्ड ब्रू. म्हटलं, "साधी कॉफी आहे का?"

"मराठी का? मग सांगा ना. दुधाची की काळी?"

दुधाची म्हटल्यावर त्याने कॅपुचिनो सुचवली. दोनशे वीस रुपये. ऑफिसखालच्या टपरीवर तेवढ्यात माझा महिन्याचा कटिंग निघतो. पण बाहेर सर वाढली होती आणि पर्स आधीच उघडली होती.

कॉफी आली ती कोमट. वर फेसाचं पान काढलेलं, सुंदर, पण कोमट! आमच्याकडे कॉफी म्हणजे साय बाजूला करून उकळी काढलेलं दूध, त्यात चमचाभर इन्स्टंट पावडर, दोन चमचे साखर आणि वरून किसलेलं जायफळ. आणि ती तरी रोज कुठे? परीक्षेच्या रात्री, एकादशीला, नाहीतर पाहुणा 'मी चहा घेत नाही' म्हणाला तर. जीभ भाजली नाही तर ती कॉफी कसली? मी कप उचलून काउंटरवर गेले आणि म्हटलं, "जरा गरम करून देता का?"

मुलगा हसला नाही, हे त्याचं मोठेपण. "ताई, गरम करून देतो, पण आधी एक घोट असाच घेऊन बघा. दूध मी साठ-पासष्ट डिग्रीला थांबवतो. सत्तरच्या पुढे गेलं की दुधाची गोडी जाते, नुसता उकळल्याचा वास राहतो." मी घोट घेतला. साखर घातलेली नव्हती तरी खरंच थोडी गोड लागली. तरीही मी गरम करूनच घेतली. पहिल्याच दिवशी हार मानायची नसते. गरम केल्यावर ती वाईट लागली, हे मात्र त्याला सांगितलं नाही.

मॅमवरून ताईपर्यंतचा प्रवास पाच मिनिटांत झाला होता. मुलगा कणकवलीचा. इथे यायच्या आधी वर्षभर एका मॉलमधल्या साखळी दुकानात बटणं दाबायचा, असं त्याचंच वर्णन.

तिसऱ्या शनिवारी मात्र मला खुर्चीचं ओझं वाटायला लागलं. एक कप, दोन तास. बाजूला लॅपटॉपवाले तिघं. त्यातला एक दुपारी एकपासून बसलेला आणि दुकानातल्या दोन प्लगपैकी एक त्याच्या ताब्यात. निदान मी वीज तरी खात नाही, असं मनाशी म्हणत होते, पण समाधान होईना. शेवटी मालकीणबाई दिसल्या तेव्हा सरळ विचारलं. तिशीतल्या असतील, आधी आयटीत होत्या. "मी दर शनिवारी एवढा वेळ बसते. तुम्हाला परवडतं का हो?"

त्या म्हणाल्या, "चार ते सहा ही आमची मेलेली वेळ. आणि रिकाम्या दुकानात कुणी शिरत नाही. तुम्ही बसा हो, फक्त खिडकीपाशी बसा."

म्हणजे मी साडीच्या दुकानातली बाहुली झाले! पण त्या दिवसापासून कपाचे दोनशे वीस मी मनातल्या मनात वाटून टाकले: साठ कॉफीचे, बाकी जागेचं भाडं. दादरमध्ये दोन तासांना एकशे साठ रुपयांत खिडकी मिळते हे कुठल्याही ब्रोकरला सांगा, तो तुमचा नंबर मागेल.

आता बसायचंच आहे तर फळ्यावरचं एकेक संपवू, असं ठरवलं. पोअर ओव्हर मागवली ती नाव नीटसं कळलं नव्हतं म्हणून. पण ती करताना तो मुलगा जे करत होता ते मी स्टुलावरून उठून जवळ जाऊन बघितलं, आणि तिथेच माझं लक्ष कॉफीत अडकलं.

त्याने आधी काट्यावर वाटी ठेवली आणि पंधरा ग्रॅम बिया मोजल्या. मोजून झाल्यावर दोन बिया परत बरणीत टाकल्या. दोन! आमच्या सोनाराची आठवण झाली. मग दळण. यंत्रावरची चकती फिरवून त्याने जाडी बदलली आणि मी नकळत म्हटलं, "म्हणजे गिरणीच की." तो खूश झाला. गिरणीत आपण सांगतोच ना, चकलीचं बारीक, लाडवाचं बेसन रवाळ, थालीपिठाची भाजणी जरा जाडसर? तोच हिशोब. एस्प्रेसोला पिठीसाखरेहून किंचित जाड, या काळ्या कॉफीला बारीक रव्याएवढं, फ्रेंच प्रेसला (दांड्याने गाळ खाली दाबायचं काचेचं भांडं) लापशीच्या रव्यासारखं. जाड राहिलं तर पाणी भरभर निघून जातं, अर्क पुरता उतरत नाही, कॉफी आंबट आणि पोकळ लागते. फार बारीक झालं तर पाणी अडकतं, नको ते सगळं ओढून घेतं, कॉफी कडू होते.

चिनी मातीचा पांढरा शंकू, आतून मळसूत्री रेघा. जपानच्या हारिओ कंपनीचा, बाजूंचा कोन साठ अंशांचा म्हणून नाव व्ही-सिक्स्टी. त्यात कागद बसवून आधी नुसतं गरम पाणी ओतून टाकून दिलं, कागदाचा वास जावा म्हणून. मग कॉफी, आणि हंसाच्या मानेसारख्या तोटीच्या किटलीतून बारीक धारेने चाळीसेक ग्रॅम पाणी. पाणी त्र्याण्णव डिग्रीचं. आणि थांबला.

ते फुगलं. पावडरीचा ढीग हळूहळू वर आला, त्यावर बुडबुडे फुटले आणि क्षणभर अनारशाला पडते तशी जाळी पडली. "भाजताना आत कार्बन डायऑक्साइड अडकतो, तो बाहेर पडतोय," तो म्हणाला. "जुनी पावडर अशी फुगत नाही." चाळीस सेकंदांनी पुन्हा धार, गोल गोल, आतून बाहेर. एकूण दोनशे चाळीस ग्रॅम पाणी, तीन मिनिटं. घड्याळ लावलेलं होतं. तिकडे गुरुजींकडे त्याच वेळी माझा मुलगा मात्रा मोजत असणार.

आणि चव? मीठ घालायला विसरलेलं पातळ कोकम सार. खरंच सांगते. सोबत एक कार्ड दिलं होतं, त्यावर लिहिलेलं: संत्रं, गूळ, हेझलनट. हेझलनट मी आयुष्यात खाल्लेला नाही, त्यामुळे त्याची साक्ष काढता येत नव्हती. संत्रं म्हणजे तो आंबटपणाच असावा. कप बाजूला ठेवून दिला आणि ऑफिसच्या ग्रुपवरचे निरोप वाचत बसले. पंधरा मिनिटांनी, पैसे दिलेत म्हणून, पुन्हा घोट घेतला तर कॉफी बदललेली. आंबटपणा मागे सरला होता आणि गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला गूळ. काकवी नाही, पिवळा चिक्कीचा गूळही नाही, आपला काळसर कोल्हापुरी. मी कार्ड पुन्हा वाचलं. गूळ लिहिलेला होता. कुणीतरी आपल्या खिशातली वस्तू ओळखून दाखवावी, तसं वाटलं.

त्या बिया चिकमगळूरच्या, जात सिलेक्शन ७९५. बाबाबुदन नावाच्या सूफी फकिराने सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि त्याच डोंगरांत लावल्या, अशी आख्यायिका आहे. मालकीणबाई ती प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात, मी खिडकीतून तीन वेळा ऐकली आहे. मला त्यापेक्षा त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट आवडली, कारण त्या दिवशी बाहेर तोच प्रकार चालला होता.

जुलैचा पहिला शनिवार. गाड्या वीस-वीस मिनिटं उशिरा, क्लासला पोचलो तेच साडेचारला. साडीचा काठ पिळून मी दुकानात शिरले तर फळ्यावर नवं नाव, मॉन्सून्ड मलबार. मालकीणबाई म्हणाल्या, ही सादळलेली कॉफी. मला वाटलं थट्टा करतायत. पण नाही. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबार किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचायला कित्येक महिने लागत. जहाजाच्या पोटात दमट हवा खाऊन बी फुगायची, हिरव्याची पिवळट व्हायची, चव बदलून जायची. तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा झाला, आगबोटी आल्या, प्रवास आटपला, आणि कॉफी ताजीच पोचायला लागली. आता गिऱ्हाईक म्हणणार, आमची जुनी चव कुठे गेली? मग इकडे किनाऱ्यावरच, भिंती नसलेल्या गोदामांत जून ते सप्टेंबर बिया पसरून ठेवायला लागले. मोसमी वारा लागू द्यायचा, अधूनमधून वरखाली करायच्या, पोती भरायची, पुन्हा मोकळी करायची.

आमच्या घरी पावसाळ्यात पापडाच्या डब्याला फडकं बांधून वर झाकण, त्यावर वरवंटा. मिठात तांदळाचे दाणे. सादळू नये म्हणून बाईचा अर्धा जन्म जातो, आणि इथे मुद्दाम सादळवून जास्त भावाने विकतात. चव मात्र मला पटली. आंबटपणा जवळजवळ नाही. जड, मातकट, जुन्या लाकडी कपाटासारखी काहीतरी. पावसात आईने घातलेल्या गोधडीच्या जवळपास जाणारी. दूध घालून तर फारच छान लागते. दूध मागितल्यावर मुलाने जरा भुवया उंचावल्या, पण दिलं.

मधे एक शनिवार गुरुजी परगावी होते. क्लास नव्हता, तरी मी दादरला उतरले, आणि पुढे चालत माटुंग्याला गेले. माझं मलाच नवल वाटलं. माटुंग्यात कॉफीचं काही नवल नाही, तिथे किंग्ज सर्कलच्या आसपास वास घेतच दुकानापर्यंत पोचता येतं. पावडरवाल्याने मान वर न करता विचारलं, "चिकोरी किती? ऐंशी-वीस?" चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. त्यात कॅफीन अजिबात नसतं, पण रंग आणि दाटपणा येतो. आमचे आजोबा पोलसनच्या कॉफीचं नाव काढायचे, आणि पोलसन म्हणजे लोणी एवढंच मला ठाऊक. त्या पोलसनवाल्या पारशी गृहस्थाचा मूळ धंदा मुंबईतला कॉफीचा होता आणि त्यांच्या 'फ्रेंच कॉफी'तही चिकोरी असायची, हे त्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या एका तमिळ मामांकडून कळलं. मामांनी हेही ऐकवलं की इंडिया कॉफी हाउसचा पहिला दिवा १९३६ साली चर्चगेटलाच लागला. "आणि तुम्ही लोक चहावालेच राहिलात," वर हा टोला. पाव किलो ऐंशी-वीस घेऊन आले. पितळी फिल्टर माझ्याकडे नाही, म्हणून गाळणीने गाळते. मामांना सांगू नका.

मग आलं कपिंग. महिन्यातून एकदा दुकानात पाच प्रकारच्या कॉफ्या ओळीने मांडून चाखायचा कार्यक्रम करतात. चारशे रुपये. मुलाने आग्रह केला, "ताई, तुम्ही या, तुम्हाला चव कळते." असं कुणी म्हटलं की माणूस चारशे रुपये देतो.

रविवारी सकाळी नऊ. आम्ही सात जण. पाच वाट्यांमध्ये जाडसर दळण, वर गरम पाणी, ना कागद ना गाळणी. चार मिनिटं कुणी हात लावायचा नाही. वर जाड साय धरते. चार मिनिटांनी चमच्याच्या पाठीने ती फोडायची आणि नाक अगदी वाटीवर नेऊन वास घ्यायचा. माझ्या नाकाच्या शेंड्याला फेस लागला. मग फेस काढून टाकायचा, जिभेला सोसेल इतकं निवू द्यायचं, आणि चमचाभर घेऊन फुरका मारायचा. जोरात. द्रव तोंडभर तुषारासारखा उडाला पाहिजे, म्हणजे वास मागून नाकात चढतो.

आमच्या घरात फुरका मारणाऱ्याला ताटावरून उठवलं जायचं. बशीतून चहा पिताना आजोबांना सूट होती, बाकी कुणाला नाही. मी पहिला चमचा आवाज न करता प्यायले. मालकीणबाई म्हणाल्या, "असं नाही चालणार." शेजारी कॉलेजातली एक मुलगी ट्रॅक्टर सुरू करावा तसा आवाज काढत होती. तिसऱ्या वाटीला माझाही सुटला. आणि फरक खरंच कळायला लागला. एक वाटी पाचव्या मिनिटाला छान वाटली आणि गार झाल्यावर फिकी पडली. आंध्रातल्या अराकूची गार झाल्यावर जास्त गोड झाली. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा; त्यातली कोडगूची रोबस्टा मी डोळे मिटून ओळखली, कारण ती आमच्या घरच्या कॉफीची सख्खी बहीण होती, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी. देशात पिकणाऱ्या कॉफीत जवळजवळ सत्तर टक्के रोबस्टाच असते, आणि अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन तिच्यात. परीक्षेच्या रात्री आम्हाला झोप का लागायची नाही, त्याचं उत्तर वीस वर्षांनी मिळालं.

खरी परीक्षा झाली ती पुढच्या शनिवारी. नेहमीची कॅपुचिनो घेतली (आता गरम करायला सांगत नाही) आणि पहिल्याच घोटाला खटकली. दुधाआडून काहीतरी टोचत होतं. लिंबू पिळलेल्या चमच्याने ढवळावं तसं. आता दोनशे वीस रुपयांच्या वस्तूबद्दल बोलायला मला लाज वाटायचं कारण नाही, पण वाटली. इंग्रजी फळा, काचेची यंत्रं, आणि मी भांडुपची, जायफळवाली. अर्धा कप संपेपर्यंत गप्प बसले. मग दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून हळूच म्हटलं, "अरे, आज आंबट आहे का रे? का माझीच जीभ?"

त्याने वाद घातला नाही. नव्याने अठरा ग्रॅम पावडर दाबून बसवली, यंत्राला लावली, खाली काटा आणि घड्याळ. छत्तीस ग्रॅम कॉफी पंचवीस ते तीस सेकंदांत उतरायला हवी. उतरली सतरा सेकंदांत, फिकट पिवळी धार, नळ सोडल्यासारखी. त्याने चमच्याने चाखली आणि तोंड वाकडं केलं. "दुपारी नवी पिशवी उघडली, दळण लावलंच नाही. ताई, सॉरी. तीनपासून सगळ्यांना हीच गेली." चकती बारीक केली, एक कप सिंकमध्ये, दुसरा सिंकमध्ये. तिसरा सत्तावीस सेकंद. मधासारखी दाट, तपकिरी धार.

दुपारपासून अकरा जण ती कॉफी पिऊन गेले होते. त्यातल्या एकाने तर फोटो काढला होता. मला नवा कप मिळाला, पैसे घेतले नाहीत. मी खिडकीत अशी बसले की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं दुकान माझंच.

ती ऐट आठवडाभर टिकली. परवाच्या शनिवारी पोअर ओव्हर घेतली, घोट घेतला, आणि या वेळी आवाज न दबवता म्हटलं, "आजही दळण चुकलंय."

मुलाने घड्याळ दाखवलं. तीन मिनिटं दहा सेकंद. मग पिशवी फिरवून माझ्यासमोर धरली. "काकू, ही अशीच आहे. मुद्दाम. थंड होऊ द्या."

काकू. मी कप घेऊन खिडकीत गेले. बाजूला दुपारपासूनचा तो लॅपटॉपवाला होताच, तो हसला असं मला उगाच वाटलं. पावणेसहापर्यंत थांबले. थंड झाल्यावर तिच्यात पिकलेलं जांभूळ होतं, आधी तुरट आणि मग गोड. हे त्याला सांगायला काउंटरवर गेले तर गर्दी झालेली. सहाला पाच कमी. धावत गुरुजींच्या जिन्यापर्यंत आले तेव्हा पाऊस थांबलेला होता, म्हणून लक्षातच आलं नाही. छत्री बादलीतच राहिली आहे.